वचन कोणाला आणि कोणासाठी?

वचन म्हटले म्हणजे देणारा आणि घेणारा अशी दोनच माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि नीतिशास्त्रातील बहुतेक चर्चाही ह्या दोघांपुरतीच चालते. दिलेला शब्द पाळल्याने अनर्थ होत असेल तर तो पाळावा काय, फसवून घेतलेले वचन बंधनकारक आहे काय, हे सारे प्रश्न त्या दोघांमधले होत. परंतु व्यवहारातील पुष्कळशा वचनांत तिसराही एक मनुष्य असतो. दशरथाने शब्द दिला तो कैकेयीला; त्या शब्दाने राज्य मिळावयाचे होते ते भरताला; आणि ज्या भरतासाठी हे सारे घडले त्याला त्याची वार्ताही नव्हती. पुराणातले उदाहरण सोडून दिले तरी घरोघरी हीच गोष्ट दिसते. मरणोन्मुख बाप आपल्या लहान मुलांच्या शिक्षणासाठी भावाजवळ पैसे ठेवतो. शब्द घेणारा निघून जातो, शब्द देणारा मागे उरतो, आणि ज्यांच्यासाठी तो दिला ती मुले अज्ञान असतात. पुढे भावाने शब्द मोडला तर अन्याय कोणावर झाला? गेलेल्या बापावर, की समोर असलेल्या मुलांवर? आपले मन तत्काळ उत्तर देते की मुलांवर. पण शब्द तर मुलांना दिलेलाच नव्हता! वचन ज्याला दिले तो निराळा आणि ज्याच्यासाठी दिले तो निराळा, अशा ठिकाणी खरा धनको कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांनी ह्या प्रश्नाचे एक करडे उत्तर फार दिवस दिले. १८६१ सालच्या ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन ह्या खटल्यात वराचा बाप आणि वधूचा बाप ह्या दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की, नव्या जोडप्याच्या संसारासाठी प्रत्येकाने वराला काही रक्कम द्यावी. वधूचा बाप पैसे देण्यापूर्वीच वारला. जावयाने त्याच्या इस्टेटीवर दावा केला, तेव्हा न्यायालयाने सांगितले की, करार दोन व्याह्यांमधला. तुझा त्यात पक्ष नाही, सबब तुला तो बजावून घेता येणार नाही. ज्याच्या सुखासाठी करार झाला तोच कराराला परका ठरला. हा नियम सैल करावयास १९९९ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने तिऱ्हाईताला काही परिस्थितीत हक्क मिळाला खरा. पण करार करणाऱ्यांनी तसा हक्क न देण्याचे ठरविल्यास तो मिळत नाही.

हा विषय केवळ वकिलांचा असता तर येथे त्याचा विस्तार केला नसता. परंतु अर्वाचीन राज्यकारभाराचा मोठा भाग अशाच त्रिकोणी वचनांवर उभा आहे. पाणी, वीज, दळणवळण ह्यांसारखी कामे सरकार मक्त्याने देते. मक्तेदार शब्द देतो तो सरकारला; त्याचा उपभोग घ्यावयाचा असतो तो नागरिकाने. ह्या नात्यात नागरिकाची जागा नेमकी कोणती, हे तपासावयाचे तर एखादे जुने, पूर्ण झालेले आणि सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण घेणे बरे. लंडनच्या आग्नेयेस असलेल्या उपनगरांतून आणि केंट परगण्यातून रोज राजधानीत येणाऱ्या नोकरदारांच्या आगगाड्यांचा इतिहास ह्या कामी फार उपयोगी आहे. कारण तेथे हे वचन १९९६ पासूनच्या २५ वर्षांत दोनदा दिले गेले आणि दोन्ही वेळा मोडल्यामुळे परत घेतले गेले.

ह्या मार्गाचे मूळ फार जुने आहे. लंडनमधील पहिला लोहमार्ग, म्हणजे लंडन-ग्रिनिच रेल्वे, १८३६ मध्ये सुरू झाला तो ह्याच बाजूस. ८७८ विटांच्या कमानींवरून जाणाऱ्या त्या उंच मार्गावरून आजही गाड्या धावतात. पुढे साउथ ईस्टर्न आणि लंडन, चॅटॅम अँड डोव्हर ह्या दोन कंपन्यांची चुरस एवढी वाढली की एकाच गावात दोघींनी निरनिराळी स्थानके बांधली. १८६६ च्या पेढीबुडीत चॅटॅम कंपनीचे दिवाळे निघाले. त्या आपत्तीनंतर, १८६७ मध्ये, पार्लमेंटने एक कायदा केला. लोहमार्ग एकदा जनतेच्या वाहतुकीस खुला झाला म्हणजे कंपनीची इंजिने आणि डबे सावकारांना जप्त करता येणार नाहीत, असे त्याने ठरविले. हा कायदा वाचकांनी ध्यानात ठेवावा. कर्ज देणारा आणि कर्ज घेणारा ह्यांच्या भांडणात फलाटावर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाची गाडी नेऊ नये, हे तत्त्व व्यापारावर अपार श्रद्धा असलेल्या त्या काळानेही मान्य केले होते.

१८९९ मध्ये दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी कारभार एकत्र केला, १९२३ मध्ये त्या सदर्न रेल्वेत गेल्या, आणि १ जानेवारी १९४८ रोजी सर्व ब्रिटिश रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. ह्या काळात ह्या भागाची वस्तीच रेल्वेच्या भरवशावर वाढली. लंडनची भुयारी रेल्वे नदीच्या दक्षिणेस, त्यातूनही आग्नेयेस, फारशी पोचली नाही. त्यामुळे डार्टफर्ड, ब्रॉम्ली किंवा सेव्हनओक्स येथे घर केलेल्या मनुष्याला चॅरिंग क्रॉस, कॅनन स्ट्रीट किंवा व्हिक्टोरिया गाठावयाचे तर ही एकच वाट होती. घर येथे, नोकरी तेथे, आणि मध्ये एकच रूळ. ही त्याची स्थिती पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

जॉन मेजर ह्यांच्या सरकारने १९९३ मध्ये रेल्वेचा कायदा केला आणि ब्रिटिश रेल्वेचे तुकडे पडले. रूळ, सिग्नल आणि स्थानके रेलट्रॅक नावाच्या एका कंपनीकडे गेली. डबे आणि इंजिने भाड्याने देणाऱ्या ३ निराळ्या कंपन्यांकडे. आणि उतारूंच्या गाड्या चालविण्याचे काम २५ विभागांत वाटून त्यांचे मक्ते लिलावासारख्या पद्धतीने देण्यात आले. जो कमीत कमी अनुदान मागेल, किंवा सरकारलाच पैसे देऊ करील, त्याचे पारडे जड. म्हणजे गाडी चालविणाऱ्याचा रूळ नव्हता आणि गाडीही नव्हती. त्याच्यापाशी ठराविक मुदतीचा करार आणि नोकर एवढेच होते. ह्याच कायद्याच्या २५ व्या कलमाने ब्रिटिश सरकारी संस्थांना मक्ता घेण्यास मनाई केली, आणि ३० व्या कलमाने असे बजावले की, मक्तेदार मध्येच नाहीसा झाला व नवा मिळाला नाही, तर गाड्या चालू ठेवण्याची व्यवस्था सरकारी अधिकाऱ्याने केली पाहिजे. एका हाताने काम विकले आणि दुसऱ्या हाताने त्याची अखेरची जबाबदारी आपल्यापाशीच ठेवली! ह्यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र ती कबुली वाटते. काम दुसऱ्याला देता येते, कर्तव्य देता येत नाही, हे विक्रेत्याला विकतानाच ठाऊक होते.

केंटच्या ह्या मार्गाचा मक्ता १३ ऑक्टोबर १९९६ पासून १५ वर्षांसाठी कॉनेक्स ह्या कंपनीस मिळाला. ही कंपनी पाणीपुरवठ्याच्या धंद्यात मोठी झालेल्या एका फ्रेंच उद्योगसमूहाची शाखा होती. दरवर्षी कमी कमी अनुदान घेऊन अधिक चांगली सेवा देऊ, असा तिचा हिशेब होता. जुने, हाताने दार आपटून लावावयाचे डबे काढून नवे डबे आणण्याचे कामही तिने आरंभिले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गाड्यांच्या गर्दीने व उशिराने उतारू त्रासले, आणि कंपनीचा जमाखर्चही जुळेना. तिच्याकडे असलेला शेजारचा साउथ सेंट्रल विभाग २००१ मध्ये गोव्हिया ह्या दुसऱ्या कंपनीकडे गेला. २००२ च्या अखेरीस स्ट्रॅटेजिक रेल अथॉरिटी ह्या सरकारी मंडळाने केंटच्या मार्गासाठी कॉनेक्सला ५ कोटी ८० लक्ष पौंडांची जादा मदत दिली. तीही पुरेना; कंपनीने आणखी सुमारे २० कोटींची मागणी केली. तेव्हा जून २००३ मध्ये मंडळाने, कंपनीच्या आर्थिक कारभारावर आपला विश्वास राहिला नाही असे सांगून, मक्ता काढून घेतला. नोव्हेंबर २००३ पासून ३१ मार्च २००६ पर्यंत सरकारी मंडळाच्या एका कंपनीने ह्या गाड्या चालविल्या. ३० व्या कलमाने राखून ठेवलेली जबाबदारी अशा रीतीने प्रत्यक्षात उतरली.

१ एप्रिल २००६ रोजी मक्ता पुन्हा खाजगी हाती, गोव्हियाकडे, गेला. तिच्या दोन भागीदारांपैकी धाकटी केओलिस. तिच्यात फ्रान्सच्या सरकारी रेल्वेचा मोठा वाटा होता. ब्रिटिश सरकारने ब्रिटिश गाडी चालवावयाची नाही, पण फ्रेंच सरकारने तिच्या नफ्यात भाग घ्यावयास हरकत नाही, असा हा न्याय! ह्या कारकिर्दीत डिसेंबर २००९ पासून सेंट पँक्रस स्थानकातून ताशी २२५ किलोमीटर वेगाच्या गाड्या केंटला जाऊ लागल्या. अॅशफर्डचे अंतर त्यांनी निम्म्याहून कमी वेळात आणले, ही कर्तबगारी लहान नव्हे. तथापि त्या खर्चाची काही भरपाई म्हणून ह्या मक्त्यातील नियंत्रित भाडी काही वर्षे महागाईच्या निर्देशांकाहून सरासरी शेकडा ३ अधिक वाढविण्याची मुभा देण्यात आली. इतर बहुतेक मार्गांवर तीच मर्यादा शेकडा १ होती. जो उतारू त्या वेगवान गाडीत कधी बसणारच नव्हता, तोही आपल्या जुन्या, सावकाश गाडीच्या पासातून तिचे मोल देत राहिला. करार करताना त्याला कोणी विचारले नव्हते.

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने जाहीर केले की, वेगवान मार्गासंबंधीच्या अडीच कोटी पौंडांहून अधिक सरकारी पैशाची नोंद कंपनीने ऑक्टोबर २०१४ पासून सरकारला कळविली नव्हती. कंपनीच्या चालकांनी चुका कबूल करून क्षमा मागितली व पैसे परत केले. १७ ऑक्टोबर २०२१ रोजी मक्ता संपुष्टात आला. मार्च २०२२ मध्ये २ कोटी ३५ लक्ष पौंडांचा दंड झाला. गाड्या पुन्हा एकदा सरकारी कंपनीच्या हाती आल्या आणि अद्याप तिच्याच हाती आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने तर, मक्ते जसजसे संपतील तसतशी इंग्लंडमधील सरकारी करारावरची उतारू वाहतूक सार्वजनिक मालकीत घ्यावी, असेच धोरण ठरले.

आता ह्या इतिहासातील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. दोन्ही वेळा मक्ता गेला तो कशामुळे? पहिल्या वेळी आर्थिक कारभार बिघडला म्हणून, दुसऱ्या वेळी सरकारी पैशाचा हिशेब दडला म्हणून. दोन्ही अपराध खरे होते आणि शिक्षाही योग्य झाली. पण दोन्ही ठिकाणी फिर्यादी कोण, तर सरकारी तिजोरी. उतारू इतकी वर्षे फलाटावर जे सोसत होता, दाराशी लोंबकळून उभा राहत होता, घरी उशिरा पोचून निजलेल्या मुलांचे तोंड पाहत होता, ते ह्या निकालाला कारण झाले नाही. कराराच्या भाषेत त्याचा विश्वासघात झालाच नव्हता. कारण त्याला कोणी शब्दच दिला नव्हता. कंपनीने सरकारशी खोटे वागताच नाते तुटले. तिसऱ्या माणसाची गाऱ्हाणी मात्र आकड्यांच्या कोष्टकात बसवून घेता येत होती.

ती कशी, तेही पाहण्यासारखे आहे. ‘वेळेवर’ ह्या साध्या शब्दाचा अर्थ उतारूला ठाऊक असतो: वेळापत्रकात ८ वाजून १२ मिनिटे लिहिले असेल तर ८ वाजून १२ मिनिटे. पण ह्या व्यवस्थेत अनेक वर्षे असे माप होते की, उपनगरी गाडी शेवटच्या स्थानकावर ५ मिनिटांच्या आत पोचली की ती वेळेवर. मधल्या स्थानकांवर काय झाले हा प्रश्न नाही. शिवाय ३ मिनिटांच्या वरचा प्रत्येक उशीर कोणाच्या खाती टाकावयाचा, रूळवाल्याच्या की गाडीवाल्याच्या, हे ठरविण्यासाठी स्वतंत्र कारकून आणि स्वतंत्र नियमावली निर्माण झाली. कारण दोषाप्रमाणे एका कंपनीने दुसरीला पैसे द्यावयाचे असत. दोष कोणाचा हे शोधणे चांगलेच. शोधल्याशिवाय सुधारणा होत नाही. पण हा शोध मुख्यतः एकमेकांचे देणे ठरविण्यासाठी चालला होता. उशीर ज्याचा झाला त्याला उत्तर देणे, हा त्याचा प्रधान हेतू नव्हता.

२ मार्च २०१८ च्या संध्याकाळी हे सारे उघडे पडले. लुइशॅम स्थानकाजवळ, ज्या तिसऱ्या रुळातून गाडीला वीज मिळते त्यावर बर्फ गोठल्यामुळे एक गाडी अडली आणि तिच्यामागे कित्येक गाड्या उभ्या राहिल्या. लोक तासन्‌तास थंडीत आणि दाटीत कोंडून पडले. अखेर काहींनी दारे उघडून रुळांवर उड्या टाकल्या; जेथे साडेसातशे व्होल्टचा प्रवाह खेळतो, अशा मार्गावरून ते अंधारात चालू लागले. त्यामुळे वीज बंद करावी लागली आणि मागच्यांचा खोळंबा आणखी वाढला. अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याने ह्यावर सविस्तर अहवाल दिला. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, मनुष्य असे जिवावर उदार होऊन केव्हा उतरतो? आपल्याला जे सांगितले जात आहे ते आपल्यासाठी सांगितले जात आहे, हा त्याचा विश्वास उडतो तेव्हा. ‘थोड्याच वेळात गाडी सुटेल’ हे वाक्य त्याने पूर्वी शेकडो वेळा ऐकलेले असते. शब्दाची पत एका रात्रीत जात नाही. ती रोजच्या पाच-पाच मिनिटांनी झिजते, आणि संकटाच्या रात्री तिचा तुटवडा एकदम जाणवतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, उतारू हा परका नाही. तो तिकीट विकत घेतो, तेव्हा कंपनीशी त्याचा स्वतंत्र करार होतोच. शिवाय पुढे उशिराबद्दल भाड्याचा काही अंश परत देण्याची पद्धतही सुरू झाली. ही पद्धत स्तुत्य आहे. परंतु खरेदीदाराचे खरे बळ त्याच्या ‘नाही’ म्हणण्यात असते. भाजी वाईट असेल तर आपण शेजारच्या दुकानात जातो, आणि पहिल्या दुकानदाराला अक्कल येते. डार्टफर्डच्या कारकुनाला शेजारचे दुकान कोठे आहे? मक्तेदार बदलतो, पण तोही सरकारने बदलावयाचा. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘होय’ला बाजारात किंमत नसते. आणि परत मिळालेल्या पैशाने हानीची भरपाई होते, वचनाची होत नाही. पुतण्यांची फी न भरणारा चुलता दर खेपेस दंडाचे चार रुपये त्यांच्या हातावर ठेवू लागला, तर त्याने भावाला दिलेला शब्द पाळला असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकार म्हणजे तरी कोण? लोकांनी निवडून दिलेले, लोकांचेच. मग सरकारला दिलेले वचन हे लोकांनाच दिलेले वचन नव्हे काय? आणि मक्तेदार गेल्यावर सरकार स्वतःच गाडी चालवू लागले म्हणजे तिसरा मनुष्य उरतोच कोठे? ह्या युक्तिवादात सत्याचा मोठा अंश आहे, पण सगळे सत्य नाही. सरकार हे साऱ्या राष्ट्राचे; उतारू हा राष्ट्राचा एक भाग. करदात्याला वाटते की रेल्वेवर कमी खर्च व्हावा. उतारूला वाटते की अधिक व्हावा. दोघांचा पालक एकच असला म्हणजे तो कोणाच्या बाजूने हिशेब मांडील, हे त्याच्या निकडीवर अवलंबून राहते. ह्याच लुइशॅमजवळ ४ डिसेंबर १९५७ च्या दाट धुक्यात एक गाडी उभ्या गाडीवर आदळून वरचा पूल कोसळला आणि ९० माणसे मृत्यू पावली. तेव्हा रेल्वे संपूर्णपणे राष्ट्राची होती. सिग्नलची सूचना चालकाला आपोआप देणारे यंत्र तेव्हा अस्तित्वात होते. त्या मार्गावर ते बसविलेले नव्हते. मालकी बदलल्याने मनुष्याची सुरक्षितता आपोआप बदलत नाही. नफ्याच्या लोभाने होते ती उपेक्षा काटकसरीच्या सबबीनेही होते, आणि मेलेल्याला दोहोंतला भेद समजत नाही.

महाराष्ट्रीय वाचकाला हा त्रिकोण नवा वाटू नये. बोरीबंदराहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी नेणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी उभी राहिली तीच मुळी एका वचनावर: लंडनच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर शेकडा ५ व्याज मिळेलच, अशी सरकारी हमी होती, आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची होती. वचन देणारे सरकार, घेणारा भागधारक, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीने बसणारा व करही भरणारा रयत ह्यांपैकी तिसऱ्याला कोणीच काही कबूल केलेले नव्हते. १९०० मध्ये सरकारने ती रेल्वे विकत घेतली आणि १९२५ मध्ये कारभारही हाती घेतला, तरी तिसऱ्या वर्गाचा डबा एका दिवसात बदलला नाही. तात्पर्य, मालक कोण हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण त्याच्याही मागे दुसरा प्रश्न उभा असतो, आणि तो म्हणजे शब्द कोणाला दिला आहे.

मग अशा वचनात तिसऱ्या माणसाला स्थान द्यावयाचे ते कसे? आमच्या मते त्याला तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. पहिली, वचन त्याच्या भाषेत लिहिलेले असावे. १८४४ च्या ब्रिटिश कायद्याने प्रत्येक नव्या उतारू रेल्वे कंपनीवर असे बंधन घातले की, रोज निदान एक गाडी अशी सोडावी, जी प्रत्येक स्थानकावर थांबेल, जिच्यात गरिबालाही बसावयास जागा आणि डोक्यावर छप्पर असेल, आणि जिचे भाडे मैलाला १ पेनीहून अधिक नसेल. हे वचन मजुराला वाचून दाखविले असते तरी त्याला समजले असते, आणि मोडले तर मोडले हेही त्याला दिसले असते. शेकडेवारीत दिलेल्या वचनाचे तसे नसते; ते पाळले की मोडले हे देणाऱ्यालाच ठाऊक. दुसरी गोष्ट, हिशेब त्याच्यापुढे उघडा असावा. गोव्हियाच्या प्रकरणी सात वर्षे एक रक्कम दोन पक्षांच्या कागदांमध्ये दडून राहिली, कारण तेथे पाहणारे डोळे दोनच पक्षांचे होते. तिसरी गोष्ट, ज्याच्या हाती उपाय आहे त्याने स्वतः उत्तर द्यावे. रूळवाल्याने गाडीवाल्याकडे, गाडीवाल्याने सरकारकडे आणि सरकारने मागल्या सरकारकडे बोट दाखविले, म्हणजे प्रत्येक जण खरे बोलत असूनही उतारूला खरे कोणीच सांगितलेले नसते.

ह्या साऱ्या इतिहासात एक वर्ग असा आहे की, त्याचा उल्लेख करारांत नोकरवर्ग म्हणून, बदलीच्या मालासारखा होतो. १९९६, २००३, २००६ आणि २०२१ ह्या चारही वेळी मालक बदलला, गणवेशाचा रंग आणि डब्यावरचे नाव बदलले. पण इंजिनचालक, रक्षक, तिकीट तपासनीस आणि फलाटावरचा माणूस कायद्याप्रमाणे नव्या मालकाकडे जसेच्या तसे गेले. आदल्या रात्री एका कंपनीची शेवटची गाडी आणणारे लोक दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या कंपनीची पहिली गाडी घेऊन निघाले. कागदावरचे वचन दोनदा मोडले, तरी पहाटेची गाडी सुटली. ज्यांनी ती सोडली त्यांची सही कोणत्याच करारावर नव्हती. पुतण्यांना त्यांच्या बापाने कोणाकडून काय कबूल करून घेतले होते हे ठाऊक नसते. सकाळी दप्तर भरून देणारी चुलती त्यांना ठाऊक असते.

ह्यावरून करार निरुपयोगी आहेत असे मात्र अनुमान काढू नये. कराराशिवाय चाळीस मैलांवरून लक्षावधी माणसांना रोज शहरात आणता येत नाही, आणि चुलतीच्या ममतेवर सारे सोडून देणे हाही चुलत्याचा सोयीस्कर कावा होऊ शकतो. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याला दुसरी वाट नाही अशा मनुष्यासाठी जेव्हा दोघे एकमेकांना शब्द देतात, तेव्हा तो शब्द देणाऱ्या-घेणाऱ्यांचा राहत नाही. ते दोघेही त्या तिसऱ्याचे ऋणी होतात. देणारा ऋणी असतो हे आपण मानतो. घेणाराही ऋणी असतो, हे सरकारने, मग ते मक्ता देणारे असो वा स्वतः गाडी हाकणारे असो, मानावयास शिकले पाहिजे. केंटच्या मार्गावर आज मक्तेदार नाही. त्यामुळे गाडीला उशीर झाला तर बोट दाखवावयास एक जागा कमी झाली आहे, आणि उत्तर देण्याची जबाबदारी तितकीच वाढली आहे. ते उत्तर तिजोरीला दिले जाते की फलाटावरच्या माणसाला, ह्यावरूनच ह्या नव्या व्यवस्थेची परीक्षा व्हावयाची आहे.